जाते, ओवी आणि बिनतारी पाटी

गाणे टिपून घेण्याची सोय झाली तेव्हापासून एक अडचण कायम आहे. गाणारा एका जागी आणि यंत्र सांभाळणारा दुसऱ्या जागी! 1902 साली गौहरजान कलकत्त्यात भोंग्यासमोर गायली, तेव्हा यंत्र चालवायला साहेब हजर होता. आमच्या जवाहरनगरच्या घरी साहेब कुठून आणायचा?

येथे 1964 साली आयुध निर्माणी उभी राहिली आणि नाना प्रांतांची माणसे शेजारी झाली. त्यामुळे आमच्या आळीत सगळ्या भाषांची गाणी ऐकू येतात, पण सौ.च्या मावशींच्या ओव्या मात्र कुठेच नाहीत. मावशींनी ऐंशी ओलांडली. ओव्या किती येतात म्हणाल, तर त्यांनाही सांगता यायचे नाही. जाते फिरू लागले तरच त्या आठवतात!

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून ‘पारी’ने त्यांतल्या ओव्या प्रसिद्ध केल्या. पण आपल्या घरातल्या ओव्यांसाठी दुसऱ्या कुणी यावे, अशी वाट किती दिवस पाहायची?

म्हणून पुतण्याला नागपूरहून बोलावले. तो मायक्रोफोन घेऊन आला. संगणकाचा पंखा घरघरतो, म्हणून संगणक मागच्या खोलीत ठेवला आणि तार दाराखालून ओढली. जात्याखाली गोणपाट घातले, म्हणजे फरशीचा दणका कमी. आता मागच्या खोलीत बटण दाबून पुढे धावायचे कुणी? आणि रिकाम्या खोलीत मावशी गाणार कशा?

पुतण्या टॅबलेट घेऊन त्यांच्याशेजारीच बसला. मावशी म्हणाल्या, “काऊन जी जावईबापू, हा पोरगा पाटीवर माहा हिशेब लिहून रायला काय?”

वाचकांना वाटेल, आवाज हवेतून त्या पाटीत जातो. तसे नव्हे बरे! आवाज तारेनेच संगणकात जातो. पाटीवरून जातात ते नुसते हुकूम. घे, थांब, आवाज कमी कर. या हुकुमांची भाषा तशी जुनीच. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून 1983 साली ‘मिडी’ आली. तिच्यात साधी पट्टी सरकवली की 0 ते 127 मधला एक आकडा जातो. 2010 साली आयपॅड निघाला आणि 2013 मध्ये अ‍ॅपलने लॉजिक या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी ‘लॉजिक रिमोट’ फुकट दिला. ‘रीपर’ हे सॉफ्टवेअर असेल तर टॅबलेटवरचा ब्राउझरही पुरतो. पाटी आणि संगणक एकाच वाय-फायवर हवेत, एवढीच अट. इंटरनेट बंद असले तरी चालते. हुकूम क्षणभर उशिरा पोचला तरी आवाजाला धक्का नाही. मधेच पाटीची बॅटरी संपली तरी टिपणे चालूच राहते.

पुतण्याने दोन नियम पाळले. आवाजाची पट्टी लाल रेघेच्या बरीच खाली ठेवली, आणि जाते फिरण्याआधी जे सुरू केले ते तासभर थांबवले नाही. काटछाट काय, मागाहून होते.

पहिल्या चार-सहा ओव्या देवाच्या झाल्या. मग माहेर आले, भाऊ आला, आणि एका ओवीत मावशींच्या थोरल्या बहिणीचे नाव आले. ती म्हणजे सौ.ची आई. सौ. तीन वर्षांची असताना ती गेली. तिचा एक फोटोसुद्धा घरात नाही. सौ. हातातले सूप तसेच धरून दारात उभी राहिली. पुतण्याने पाटीकडे एकदा नजर टाकली आणि तो हलला नाही. मागच्या खोलीत कुणी बसला असता तर त्याला यातले काय दिसले असते?

त्या रात्री सौ.ने ती ओवी तीनदा ऐकली. मावशी म्हणाल्या, “मी उद्या आणखी म्हणतो ना. दळण बाकी हाय.”

दिवाळीत घरोघर म्हातारी माणसे येतात. फराळाचे ताट आवरले की त्यांच्याजवळ बसा. यंत्र मागच्या खोलीत राहू द्या. माणूस मात्र पुढच्या खोलीत असू द्या.