सामन्यानंतरचा प्रश्न

प्रदर्शनीय सामना संपला की व्यावसायिक फुटबॉलपटूंपुढे ध्वनिक्षेपक धरण्याची जी घाई आपल्याकडे उडते, तिच्यातून निष्पन्न काय होते याचा हिशेब एकदा मांडावयास हवा. भारत कसा वाटला, येथील जेवण रुचले काय, प्रेक्षकांविषयी काय सांगाल? प्रश्न हे, आणि उत्तरेही त्यांना साजेशी. पाहुण्याने यजमानाचे कौतुक करावे हा शिष्टाचार झाला. त्यालाच मुलाखत म्हणून छापणे म्हणजे वाचकाच्या पदरात धान्याऐवजी भुसा घालणे होय.

वास्तविक मुलाखतीस प्रदर्शनीय सामन्याइतकी अनुकूल वेळ नाही. स्पर्धेतील सामन्यानंतर खेळाडू जपून बोलतो. गुण गेलेले असतात, पंचांवरचा राग गिळावयाचा असतो, पुढच्या सामन्याचे डावपेच झाकावयाचे असतात. प्रदर्शनीय सामन्यात यांपैकी काहीच नसते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानने पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाला २-२ असे बरोबरीत रोखले. पेले तेव्हा ३६ वर्षांचा होता, आणि त्यानंतर बरोबर आठवड्याने, १ ऑक्टोबरला, तो आपला अखेरचा सामना खेळला, तोही प्रदर्शनीयच. पावसाने भिजलेल्या ईडनवर पेलेला सावलीसारखा चिकटून राहिलेला गौतम सरकार, गोल करणारे महंमद हबीब आणि श्याम थापा, यांना त्या दोन तासांत काय उमगले, आपले नेमके कोठे कमी पडले, हे सविस्तर नोंदले जाणे एखाद्या प्रशिक्षण-पुस्तिकेहून अधिक मोलाचे ठरले असते. आज त्या सामन्याचा विषय निघाला की आठवण निघते ती बहुधा पेलेच्या दर्शनाची. दर्शन घेऊन घरी परतणे ही आपली जुनी रीत आहे.

अठ्ठेचाळीस वर्षांनंतर रीत तीच राहिली, दर्शन मात्र महागले. १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर लिओनेल मेस्सीभोवती पुढारी आणि निमंत्रित यांचे असे कडे पडले की पैसे मोजून आलेल्यांना तो धड दिसलाही नाही, आणि खुर्च्या-बाटल्यांचा वर्षाव झाला. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवर सारे सुरळीत पार पडले. लुटुपुटीचा सामना झाला, सुनील छेत्री खेळला, सचिन तेंडुलकर आला, आणि महाराष्ट्र शासनाच्या 'महादेवा' या उपक्रमाचा प्रारंभ झाला. १३ वर्षांखालील ३० मुलगे आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्ती व प्रशिक्षण देण्याची ही योजना.

आता तारखेकडे लक्ष द्यावे. १४ डिसेंबर २००० रोजी बार्सिलोनातील एका टेनिस क्लबमध्ये कार्लेस रेशाक यांनी कागदी हातरुमालावर चार ओळी लिहून अर्जेंटिनाच्या एका मुलाला करारबद्ध करण्याचे वचन दिले. तो मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याची वाढ खुंटली होती, आणि औषधांचा दरमहा शेकडो डॉलरांचा खर्च रोसारियोतील त्याच्या घराला झेपत नव्हता. तो भार बार्सिलोनाने उचलला. म्हणजे वानखेडेवर तो उभा राहिला त्या दिवशी त्या हातरुमालास नेमकी पंचवीस वर्षे झाली होती, आणि समोर होती त्याच वयाची मुले! वार्ताहराला याहून सोपा प्रश्न दैवाने दिला नसता. औषधाचे पैसे कोण देणार, हे ठरण्यापूर्वी तुमच्या घरात काय बोलणे होत असे? तुमच्याबरोबर खेळणारी, तुमच्याइतकीच चपळ, पण कोणी न हेरलेली मुले आज काय करतात?

हा प्रश्न मुंबईला कदाचित महत्त्वाचा वाटणार नाही, सिरोंच्याला वाटेल. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळचे हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. मुंबईहून हैदराबाद कितीतरी जवळ. बाजारात मराठीबरोबर तेलुगू सर्रास कानी पडते. आलापल्ली-सिरोंचा रस्त्याची दुर्दशा वर्षानुवर्षे वृत्तपत्रांचा विषय होऊन राहिली. येथील बारा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या पायात खरोखरच चेंडू खेळवण्याची कला असली, तरी तिला चाचणीसाठी न्यावयाचे म्हणजे घरातील एका माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणार. ती वेळ तेंदूपानाच्या हंगामात आली, तर न्यावयाचे कोणी? निवड झालीच, तर वसतिगृहात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोण? मूळ हातरुमाल २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला. येथे प्रश्न एसटीच्या तिकिटाचा आहे.

खेळाडू पाहुणे असतात, आयोजक दोन मिनिटे देतात, प्रश्न आधीच पाहिले जातात, असे वार्ताहर म्हणतील. परदेशी पाहुण्यांपुरते ते खरे आहे. पण छेत्री तर घरचाच होता. त्या दिवशी देशातील व्यावसायिक लीग जुलैपासून ठप्प होती. देशाचा सर्वांत नामवंत फुटबॉलपटू आपल्या खऱ्या सामन्याची वाट पाहत असता खोटा सामना खेळत होता. ज्या मुलांना पाच वर्षांनंतर खेळाडू व्हावयाचे आहे, त्यांनी खेळावयाचे कोठे, हे त्याच्याहून अधिक अधिकाराने कोण सांगू शकला असता?

यापुढे शासन अशा सामन्याच्या व्यासपीठावर असेल, तेव्हा त्याने आयोजकांना एक अट घालावी. खेळ संपल्यावर अर्धा तास मोकळ्या प्रश्नांसाठी राखावा, आणि त्यात दूरच्या जिल्ह्यांतील वार्ताहरांनी पाठवलेले प्रश्नही वाचावेत. दुभाष्याची सोय परदेशी पाहुण्यांसाठी होतेच. 'महादेवा'तील साठ मुलामुलींची पाच वर्षे २०३० च्या अखेरीस भरतील. त्यांची नावे वृत्तपत्र-कचेऱ्यांनी आताच टिपून ठेवावीत, आणि त्या साठांत सिरोंचा, अहेरी, भामरागड येथील किती, हा पहिला प्रश्न क्रीडा खात्याला आजच विचारावा.