फोनवरून गळ्यात मारलेला विमा

सप्टेंबर २०१८. ऑस्ट्रेलियात बँका-विमा कंपन्यांच्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे एका फोनचं रेकॉर्डिंग वाजवलं गेलं. ‘फ्रीडम इन्शुरन्स’चा विक्रेता डाउन सिंड्रोम असलेल्या २६ वर्षांच्या तरुणाला विमा विकत होता. पलीकडची तुटक, अडखळती उत्तरं ऐकून त्याला काही उमगत नाहीये, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरीही विक्रेत्याने होकार वदवून घेतलाच. पुढे वडील पॉलिसी रद्द करायला गेले, तर कंपनीला तेही मुलाच्याच तोंडून ऐकायचं होतं!

दोष एकट्या विक्रेत्यावर ढकलणं सोयीचं, पण त्याला बक्षीस विक्रीचं मिळतं, ग्राहकाला समजल्याचं नाही. ‘क्लिअरव्ह्यू’ या दुसऱ्या कंपनीने तर न मागता केलेल्या विक्रीविरुद्धचा कायदा तीन लाखांहून अधिक वेळा मोडला असू शकतो, असं कबूल केलं.

१३ जानेवारी २०२० पासून तिथे असे आयुर्विम्याचे फोन बंद झाले.

आपल्याकडे पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. पण फोनवर ‘तुमचा बोनस अडकलाय’ म्हणत निवृत्त माणसाला घोळात घेणारा हे कशाला सांगेल? न मागता फोनवर विमा विकायची मुभाच इथेही काढून घ्यायला हवी.