दारातली लाल फरशी आणि घरातले म्हातारे पाय



या सदरातून आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज शिवारातून थोडे घराकडे वळू या. सुगी उरकली आणि हाती चार पैसे शिल्लक राहिले, की आपल्याकडे पहिला विचार येतो तो घराचा. त्यातही दर्शनी भागाचा. येणारा-जाणारा पाहतो तो भाग आधी, स्वयंपाकघर मागाहून.

परवा लोहारा भागातील एका गावी शिवारफेरी संपवून आम्ही पारावर चहा घेत होतो. एक तरुण शेतकरी म्हणाला, "साहेब, तुम्ही एवढी घरं हिंडता. ओसरीत कोणती फरशी टाकावी? सगळ्यांनी आरशावानी पांढरी टाईल टाकलीय. घरातली मंडळी म्हणतात, आपणबी तीच टाकू."

मी त्याला म्हणालो, "बाबा, ती चूक मी स्वतः करून बसलो आहे. आधी माझी गोष्ट ऐक, मग ठरव."

आमचे जुने घर तुळजापूर तालुक्यात. मुरमाची, शेणाने सारवलेली ओसरी आणि तिच्यापुढे खडबडीत शहाबादी फरशीचा ओटा. मुलीचे लग्न ठरले. पाहुणे शहरातले. माझ्या मनाने घेतले, की दारात पाऊल टाकताच घर कसे उजळलेले दिसले पाहिजे. ओसरी आणि ओटा, दोन्हींवर गुळगुळीत पांढरी टाईल बसवून घेतली. लग्न थाटात झाले. फोटोंत ओसरी फार सुंदर दिसते.

पुढे आषाढात एका सकाळी आई गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन आली. पायाला चिखल, वरून भुरभुर पाऊस. ओट्यावर पहिले पाऊल टाकले आणि ती घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण गोठ्याची वाट तिला कायमची बंद झाली. मी तिच्या खाटेशी बसलो होतो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पाहुण्यांचे पाय एक दिसाचे होते रे. माझे रोजचे."

मंडळी, त्या दिवसापासून मी कोणाच्याही घरी गेलो, की आधी दारातली फरशी पाहतो.

गुळगुळीत टाईल घसरते का, ते समजून घ्या. ही टाईल पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाण्याचा पातळ थर तसाच वर राहतो आणि पाय त्या थरावरून सरकतो. त्यात आपली काळी चिकण माती मिसळली म्हणजे साबण लावल्यासारखेच. शहरातल्या घरात माणूस बूट-चप्पल काढून कोरड्या पायाने शिरतो. आपल्या दारातून दिवसाला वीस वेळा ओले, चिखलाचे पाय, दुधाची चरवी, चाऱ्याचा भारा आणि पाण्याचा हंडा जातो. तेव्हा शहराची फरशी आपल्या दाराला चालेलच असे नाही.

दुसरी गोष्ट, ती फरशी पुसते कोण? पांढऱ्या टाईलवर काळ्या मातीचे प्रत्येक पाऊल उठून दिसते. घरची सून दिवसातून तीनदा फडके मारते आणि दर वेळी फरशी पुन्हा ओली होते. लाल, गेरूच्या, विटकरी किंवा हळदी रंगाची फरशी धूळ सांभाळून घेते, डोळ्याला ऊबदार वाटते आणि आपल्या लाकडी दाराला शोभूनही दिसते. फरशी ठरवताना पैसे देणाऱ्याबरोबर पुसणाऱ्या हातालाही विचारावे.

हे ऊबदार रंग आपल्याला परके नाहीत. तेरणेकाठच्या तेरला जाऊन पाहा. प्राचीन काळी तगर म्हणून ओळखले गेलेले हे नगर. तिथले त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे. संत गोरा कुंभारांचे गावही हेच. माती मळून, भाजून तिला लाल रंग आणायची विद्या या जिल्ह्यात फार जुनी आहे. आपल्या आज्या ओसरी सारवून कडेला गेरूचा पट्टा ओढत आणि त्यावर पांढरी रांगोळी घालत. त्यात शोभा होती आणि पायाला धरही होता.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगतो.

लाल कोबा. माझ्या मते आपल्या घरांना हा सर्वांत सोयीचा. यात महत्त्व रंगापेक्षा पायाचे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर दोन वर्षांत तडे गेलेच म्हणून समजा. म्हणून काळी माती किमान फूट-दीड फूट खोल काढून टाकावी. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरावा, पाणी मारावे आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. त्यावर दगडी सोलिंग आणि चार इंच काँक्रीट. त्यावर एक भाग सिमेंट व तीन भाग वाळूचा इंचभर थर, आणि तो ओला असतानाच रंगाचा वरचा थर.

रंगासाठी बाजारात रेड ऑक्साईड मिळते. प्रमाण लक्षात ठेवा: सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ऑक्साईड घालू नये. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला फार तर ५ किलो. जास्त घातल्याने रंग गडद होईल, पण कोबा कमकुवत होतो. सिमेंट व रंग कोरडेच एकत्र करून चाळून घ्यावेत आणि संपूर्ण ओसरीला लागेल तेवढे मिश्रण एकाच वेळी तयार करावे. नाहीतर एका खणात लाल आणि दुसऱ्यात गुलाबी असे होते. चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या घालाव्यात. तडा गेलाच तर तो पट्टीपाशी थांबतो. कडेला पिवळ्या ऑक्साईडचा चार बोटे पट्टा घ्या. दिसायला छान, आणि अधू नजरेच्या माणसाला कड कुठे संपते तेही कळते.

इथे एक सावधगिरी. लाल कोबाही गवंड्याने थापी घासून घासून काचेसारखा केला, तर ओला झाल्यावर घसरतोच. रंगाने पाय थांबत नाही, खडबडीतपणाने थांबतो. म्हणून आतल्या ओसरीत हलका गुळगुळीतपणा चालेल, पण बाहेरच्या ओट्यावर आणि पायऱ्यांवर गवंड्याकडून ओल्या कोब्यावर दोरी दाबून चौकडी पाडून घ्या. गवंडी म्हणेल, "साहेब, शोभा जाईल." जाऊ द्या.

दुसऱ्या दिवसापासून कडेने मातीचा बांध घालून, वाफ्यात पाणी धरतो तसे सात ते दहा दिवस पाणी धरावे. पाणी न पिता कुठलेच पीक पोसत नाही, कोबाही नाही. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावा. दारालाही तेच तेल चालते. मात्र तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

विटांची ओसरी. चांगल्या भाजलेल्या विटा कडेवर उभ्या लावून, सांधे सिमेंटने भरले तर सुरेख विटकरी ओसरी होते. वीट पारखून घ्या. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा उठू नये. २४ तास पाण्यात बुडवून काढली तर वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढू नये, म्हणजे तीन किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा अधिक पाणी प्यायलेली नसावी. कच्ची वीट दोन पावसाळ्यांत झडते.

दगडी फरशी. शहाबादी करडी असते, पण पायाला धर देते आणि ओझे सोसते. तिच्या कडेने लाल कोब्याचा पट्टा दिला, की करडेपणा मोडतो. ऊबदार रंगाचा दगडच हवा असेल तर पिवळी तांदूर फरशी मिळते. दोन्हींत दारासाठी पॉलिश न केलेली घ्या. टाईलच आवडत असेल तर मातकट रंगाची, खरखरीत पाठीची, म्हणजे दुकानदार जिला मॅट म्हणतो ती मागा. दुकानातच तिच्यावर पाणी ओतून अनवाणी उभे राहून पाहा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

लाल रंग ऊन धरतो हेही ध्यानात असू द्या. आपल्याकडच्या वैशाखात छपराबाहेरच्या लाल पायरीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. उन्हातल्या पायरीला फिकट दगड घ्या आणि लाल कोबा सावलीपुरता ठेवा.

आता मांडणी. ओट्याला दर दहा फुटांस दीड इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा. पायऱ्या सहा इंच उंच आणि फूटभर रुंद असाव्यात. सगळ्या सारख्या हव्यात. एक उंच आणि एक बुटकी असली, की माणूस तिथेच अडखळतो. पायरीशेजारी हाताला धरायला साधा लोखंडी पाईप भिंतीत बसवून घ्या. पायरीच्या अलीकडे दोन-तीन फुटांचा खडबडीत दगड पाय धुण्यासाठी ठेवा. त्याचे पाणी चर काढून कढीपत्त्याला किंवा लिंबोणीला सोडा. आपल्या दुष्काळी मुलखात तांब्याभर पाण्याचाही दोनदा उपयोग झाला पाहिजे. पाय बाहेरच धुऊन, पोत्यावर पुसून आत आले, की अर्धी घसरण तिथेच टळते.

उंबऱ्यावर दिवा असावाच. लाल फरशीवर लाल विंचू चटकन दिसत नाही, ही या रंगाची खोट आहे. म्हणून बटण दाराबाहेर हाताला येईल असे बसवा आणि दाराखालची फट बंद करा.

घरकुल योजनेतले घर लहान असते, किमान २५ चौरस मीटर. तिथे प्रशस्त ओसरी कुठून आणायची, असे कोणी म्हणेल. दारापुढे चार फूट बाय चार फुटांचा एकच लाल चौकोन, एक नीट पायरी आणि हाताला पाईप, एवढेही पुरे होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यात सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातील गावे बसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मालवदाचे ओझे, ते सारे झोपलेल्या माणसांवर आले. मी तेव्हा परभणीहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो. तिथे मदतीला गेलो तेव्हा दाराच्या चौकटी ढिगाऱ्यात उभ्या दिसल्या, आजूबाजूला घर नव्हते. म्हणून सांगतो, दारातून बाहेर पडायची वाट कायम मोकळी ठेवा. सुगीत सोयाबीनची पोती ढाळजेत रचून एक फुटाची वाट ठेवतात, हे मी अनेक घरांत पाहतो. फवारणीची औषधे आणि पंपही तिथेच लेकरांच्या हाताशी असतात. पोत्यांना वेगळी जागा करा, औषधांना कुलूप लावा. दारातली फरशी कितीही सुंदर केली आणि तिच्यावर पोती रचली, तर ती केली कशाला?

ज्यांनी गुळगुळीत टाईल बसवली आहे, त्यांनी लगेच फोडायला काढू नये. दारापासून गोठ्याच्या वाटेवर दोन फूट रुंदीचा खडबडीत दगडी पट्टा बसवा. पायऱ्यांच्या कडांवर न घसरणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या लावा. पायपुसणे रबरी पाठीचे घ्या, नाहीतर पायपुसण्यासकट माणूस जातो.

मी मात्र आमची टाईल फोडली. लाल कोबा केला, पिवळा पट्टा दिला, पाईप बसवला. पुढचे दोन पावसाळे आई तिथे बसून तुरी निवडत असे. पाईपाला धरून ओट्याच्या कडेपर्यंत यायची आणि तिथूनच गाईला हाक मारायची. त्यापुढे ती कधी उतरली नाही. फरशी आधी केली असती तर, हा विचार आजही ओसरीत पाऊल टाकताना येतो.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. आपल्या ओट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि स्वतः अनवाणी, भिंतीला धरून चालून पाहा. पाय सरकला, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथून रोज जातो हे आठवा आणि पाऊस लागायच्या आत गवंड्याला निरोप धाडा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा शिवारात भेटू.