वाचनसंकल्प आणि रहस्यकथेचे सोवळे

जानेवारी २०२५ च्या पूर्वार्धात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा पंधरवडा राज्यात साजरा झाला. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन तर आता अंगवळणी पडला आहे. असे संकल्प स्वागतार्हच होत. परंतु त्यांच्या निमित्ताने मांडल्या जाणाऱ्या ग्रंथांकडे पाहिले की विद्यार्थ्याला अभ्यासक्रमच पुढे आल्याचा भास होतो. चरित्रे असतात, विचारधन असते. रहस्यकथा तेवढी नसते.

हे सोवळे कशासाठी? बाबूराव अर्णाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक ज्या घरांत पोहोचले, त्यांपैकी कित्येक घरांत दुसरे पुस्तक क्वचितच शिरले असेल. अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी वाचून पाहावी. निवेदकावर किती विसंबावे, हा प्रश्न तिने सामान्य वाचकापुढे टाकला आणि तोही त्याची उत्कंठा यत्किंचितही कमी न करता. साक्षी-पुरावा तोलण्याची सवय शिक्षकाला वा कारकुनाला निरुपयोगी आहे, असे कोण म्हणेल?

बारामतीने तरी कोड्यांना नाक मुरडू नये. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) हे गाव. ओष्ठ्य वर्ण सर्वस्वी टाळून त्यांनी निरोष्ठ रामायण रचले, अक्षरे गुंफून मंत्ररामायण रचले. दडविणे आणि शोधावयास लावणे यांतील आनंद या पंडित कवीला पुरेपूर ठाऊक होता. (पंडितांना चालते ते पोरांना का चालू नये?)

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले. वाचक मात्र कायद्याने मिळत नाहीत. म्हणून बारामती व इंदापूर तालुक्यांतील ग्रंथालयांना आमची सूचना अशी : वर्षभरात बारा पुस्तकांचे आव्हान सभासदांपुढे ठेवावे, आणि त्यांतील एक पुस्तक सभासदाने आजवर कधीही न हाताळलेल्या प्रकारातले असावे. चरित्रे वाचणाऱ्या गुरुजींच्या हाती त्यामुळे रहस्यकथा पडेल, आणि रहस्यकथांत रमणारा विद्यार्थी कदाचित मोरोपंतांपर्यंत जाईल. यासाठी वेगळे अनुदान नको. ग्रंथपालांनी पुस्तक देण्यापूर्वी शेवटची पाने शाबूत आहेत ना, आणि पहिल्या पानावर कोणा उपद्व्यापी वाचकाने पेन्सिलीने खुन्याचे नाव तर लिहून ठेवलेले नाही ना, एवढे पाहून घ्यावे.