बेसबॉलमधील वेतन : खेळ मैदानावर, हिशेब दिनदर्शिकेवर

अमेरिकेतील बेसबॉल म्हटले, की कोट्यवधी डॉलरचे करार डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तेथील बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू 'मायनर लीग' या दुय्यम स्पर्धांतच खेळतात. या दोन्हींतील वेतनाची दरी थक्क करणारी आहे. २०२३ मध्ये 'मेजर लीग'मधील किमान वेतन ७ लाख २० हजार डॉलर होते; एकच पायरी खाली असलेल्या 'ट्रिपल ए' स्तरावर ते अवघे ३५,८०० डॉलर, म्हणजे विसाव्या हिश्श्याएवढे होते.

ही दरी खेळाडू एका रात्रीत ओलांडू शकतो. मेजर लीगचे वेतन दिवसावर मोजले जाते. हंगाम सुमारे १८६ दिवसांचा असतो. त्यामुळे किमान वेतनावरील खेळाडूच्या पदरात २०२३ मध्ये दिवसाला सुमारे ३,९०० डॉलर पडत. दहा दिवस संघात राहिले, तरी ट्रिपल एमधील वर्षाच्या किमान वेतनाहून अधिक रक्कम हाती येई. खाली पाठवणी झाली, की हा दर बंद होतो. चाळीस जणांच्या राखीव यादीतील खेळाडूंना मात्र खालीही वेगळे संरक्षण असते. २०२२ मध्ये या यादीत प्रथमच आलेल्यास मायनर लीगमध्ये किमान ५७,२०० डॉलर, तर मेजर लीगचा अनुभव असलेल्यास १ लाख १४ हजार १०० डॉलर मिळत.

खरा वाद मात्र दैनिक दराचा नाही, तर सेवेच्या दिवसांचा आहे. मेजर लीगमधील १७२ दिवस म्हणजे सेवेचे एक वर्ष. साधारणतः तीन वर्षांनंतर लवादामार्फत वेतनवाढ मागता येते. सहा वर्षांनंतर कोणत्याही संघाशी करार करण्याची मुभा मिळते. साहजिकच, गुणी खेळाडूस काही दिवस उशिरा बोलावणे मालकांच्या पथ्यावर पडते. शिकागो कब्जच्या ख्रिस ब्रायंटला २०१५ मध्ये १७ एप्रिलला संघात घेण्यात आले. त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी पडल्याने त्याची मुक्तता वर्षभर लांबली. त्याची तक्रार २०२० मध्ये लवादाने फेटाळली.

२०२२ च्या करारात यावर काही उपाय झाले. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोन क्रमांकांत येणाऱ्यास पूर्ण वर्षाची सेवा दिली जाऊ लागली. एका हंगामात खेळाडूस पाचपेक्षा अधिक वेळा खाली पाठविण्यासही मज्जाव झाला. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू प्रथमच संघटित झाले आणि जुन्या वेतनदाव्यात लीगने १८ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

तरीही मूळ प्रश्न कायम राहिला. खेळाडूचे वेतन दिवसांवर ठरते आणि ते दिवस ठरविण्याचा अधिकार, ज्याला वेतन द्यायचे, त्या मालकाकडेच राहतो. मेजर लीगचा हा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचाच आहे. त्यापुढील वाटाघाटींत किमान वेतनाच्या आकड्याइतकेच महत्त्व या अधिकाराला द्यावे लागेल.