तेरा सामने जिंकूनही बाहेर

मैदानावर जिंकलेला हंगाम बैठकीच्या टेबलावर हरता येतो, हे अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलने २०२३ साली दाखवून दिले. हे फुटबॉल आपल्याकडचे नव्हे. लांबट चेंडू हाताने फेकायचा आणि घेऊन धावायचा. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने त्या हंगामातले बाराही सामने जिंकले, वर आपल्या गटाचा, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा, अंतिम सामना जिंकून विजेतेपदही मिळवले. तेरा सामने, तेरा विजय. तरी राष्ट्रीय विजेतेपदासाठी निवडलेल्या चार संघांत त्याचे नाव नव्हते. टेक्सास आणि अलाबामा हे एकेक सामना हरलेले संघ मात्र होते.

कारण एका खेळाडूचा मोडलेला पाय. १८ नोव्हेंबरच्या सामन्यात क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला. चेंडू फेकणारा, चाली राबवणारा हाच. तो नसताना संघ पूर्वीसारखा राहिला नाही, असे तेरा सदस्यांच्या निवड समितीने ठरवले.

वास्तविक त्याच्यावाचूनही हा संघ हरला नव्हता. बदली क्वार्टरबॅकने फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला २४-१५ असे नमवले. मग तोही जखमी झाला. २ डिसेंबरला शार्लटमधल्या कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीत पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनला उतरवावे लागले. त्याची फेक फारशी साधत नव्हती, तेव्हा बचावफळीने सामना अंगावर घेतला आणि लुइव्हिलला सहा गुणांवर रोखले. १६-६. संघ म्हणतात तो याला! दुसऱ्याच दिवशी समितीने त्यांना पाचवे ठरवले. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे बाकीचा संघ काय आहे ते दिसले असते, असे ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिले. विशीतल्या मुलावर असे लिहायची वेळ आणणे ही क्रूरता आहे.

पुढे ऑरेंज बोल या राष्ट्रीय विजेतेपदाशी संबंध नसलेल्या सामन्यात जॉर्जियाने या संघाचा ६३-३ असा धुव्वा उडवला, तेव्हा समितीचेच खरे ठरले असे अनेकांनी म्हटले. पण त्या दिवशी दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. जिंकण्यासारखे काही उरलेच नव्हते, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

२०२४ पासून चाराऐवजी बारा संघ घेतले जाऊ लागले. तो निर्णय आधीच झाला होता. या मुलांच्या तो उपयोगी पडला नाही. प्रमुख खेळाडूची दुखापत लक्षात घेण्याची मुभा समितीला नियमांनीच दिली होती. पुढे काय होईल या अंदाजावर जिंकलेले सामने रद्दबातल ठरवणारी अशी मुभा कोणत्याही स्पर्धेच्या नियमावलीत असता कामा नये.