मोझेलच्या दरीत गाडीला 'नो एंट्री'

आमच्या हॉस्टेलवर जर्मनीचा विषय निघाला की चर्चेची गाडी तीनच स्टेशनांवर थांबते. ऑटोबानवर स्पीड लिमिट नाही, हे पहिलं. तिथल्या कार्स, हे दुसरं. आणि एम.एस.ची फी, हे शेवटचं स्टेशन! यापलीकडे त्या देशात नद्या आहेत, खेडी आहेत, याचं कुणाला सोयरसुतक नसतं. म्हणून आज मुद्दाम त्या जर्मनीबद्दल लिहिते आहे जिथे कारलाच मज्जाव आहे. मी तिकडे गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. पण नकाशा सगळ्यांना उघडा असतो, आणि कंटूर कसे वाचायचे हे आपल्याला सर्व्हेईंगमध्ये शिकवलेलं आहेच.

जर्मनीच्या पश्चिम टोकाला आयफेल नावाचा डोंगराळ भाग आहे. त्याच्या दक्षिणेला मोझेल नदीची दरी. ही नदी फ्रान्समध्ये उगम पावते आणि वळसे घेत घेत कोब्लेन्त्सला ऱ्हाइनला मिळते. दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे, तेही इतक्या उभ्या चढावर की माणूस तिथे उभा कसा राहतो असा प्रश्न पडावा. आयफेलमध्ये ज्वालामुखीच्या स्फोटांनी झालेले गोल खड्डे आहेत, त्यांत पाणी साठून तळी झाली आहेत. त्यांना 'मार' म्हणतात. दिसायला आपल्या लोणारचे भाऊबंद. पण लोणार उल्केने केलं, हे जमिनीतल्या वाफेने.

या तळ्यांपासून नदीपर्यंत एक डांबरी वाट उतरते. सुरुवात डाउन नावाच्या गावातून (नाव खरंच तसं आहे, आणि वाटही बहुतेक डाऊनच जाते), शेवट मोझेलकाठच्या बेर्नकास्टेल-कूसला. लांबी ५८ किलोमीटर. उतार सगळा मिळून तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी अर्धा टक्का. मध्ये उंच कमानींचे पूल लागतात, बोगदे लागतात. सायकलसाठी कोणी बोगदा खणतं का? नाही. ही वाट म्हणजे जुनी रेल्वेलाइन आहे. मोटारी वाढल्या, फाट्यावरच्या छोट्या लाइनी तोट्यात गेल्या, १९८०च्या दशकात इथल्या गाड्या थांबल्या. पुढे रूळ काढले आणि त्या भरावावर डांबर टाकलं.

आता यातली गंमत बघा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून आगगाडीला चढ सोसत नाही. आपला बोरघाट १ इन ३७ आहे, म्हणजे २.७ टक्के, तर तिथे मागून बँकर इंजिन लावावं लागतं. त्यामुळे रेल्वेवाल्यांनी डोंगर दिसला की चढ न देता खोदकाम केलं, भराव घातला, पूल बांधला. शंभर वर्षांनी त्या हट्टाचा फायदा सायकलवाल्याला मिळतो. मी आणि माझी सायकल मिळून ७० किलो धरा. ताशी १५ किलोमीटरने २ टक्क्यांचा चढ चढायला फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण ५७ वॅट लागतात. तेच ८ टक्के चढावर २२९ वॅट! हवेचा आणि टायरचा विरोध वेगळाच. ५७ वॅट माझी आजीसुद्धा काढेल. २२९ काढायला जिमखान्याच्या टीममधलं कुणीतरी हवं. म्हणजे वाट कोणासाठी आहे हे तिचा ग्रेडियंट ठरवतो. माझ्या मते जर्मन सायकलवाटांबद्दल समजून घेण्यासारखी हीच सर्वात मोठी गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही टुरिस्ट फोटोत दिसत नाही.

फोटोत दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे शेतरस्ते. आपल्याकडे पाणंद असते ना, तसेच. फक्त बरेचसे डांबरी किंवा काँक्रीटचे. पश्चिम जर्मनीत १९५३ साली जमिनींच्या एकत्रीकरणाचा कायदा झाला. विखुरलेले तुकडे एकत्र करताना प्रत्येक शेताला ट्रॅक्टर पोचेल असे नवे रस्ते आखले गेले. आपल्याकडेही तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ सालचा आहे, म्हणजे कल्पना काही परग्रहावरची नाही. फरक पाटीचा आहे. तिथे अशा रस्त्याच्या तोंडाशी लाल कडेची पांढरी गोल पाटी असते: वाहनांना बंदी. खाली छोटी पाटी: शेतीच्या वाहनांना मोकळीक. आणि बऱ्याच ठिकाणी सायकलचं चित्र. बस्स. नवा रस्ता नाही, भूसंपादन नाही. असलेल्या रस्त्यावर कोणी यायचं नाही एवढंच ठरवलं. मोझेलच्या काठाने जाणारी लांब सायकलवाट कितीतरी ठिकाणी मळ्यांमधल्या अशाच रस्त्यांवरून जाते. द्राक्षतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर समोर येणार, तेव्हा बाजूला व्हायचं. 'ट्रॅफिक-फ्री' या शब्दाचा अर्थ शून्य ट्रॅफिक असा घेऊ नये.

नदीकाठ सपाट आहे त्यालाही एक कारण आहे. १९५६ साली जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांनी करार करून मोझेलवर बंधारे आणि लॉक बांधायला घेतले, १९६४ साली नदी मोठ्या जहाजांना खुली झाली. नदी म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचं शांत पाणी झाली. याच काठाने पूर्वी ट्रिअर ते बुलाय अशी छोटी रेल्वे होती. दारूच्या गावागावांतून जायची म्हणून लोक तिला 'पिणाऱ्यांची गाडी' अशा अर्थाच्या नावाने हाक मारायचे. १९६०च्या दशकात तीही बंद पडली आणि तिच्या काही तुकड्यांवरून आज सायकली जातात. एकूण काय, आगगाडी, ट्रॅक्टर आणि जहाज यांनी सोडलेल्या किंवा वाटून घेतलेल्या जागा जोडून जोडून ही वाट झाली आहे. खरं काम जोडण्याचं होतं.

माझी रूममेट हे सगळं ऐकून म्हणाली, "अगं, तिकडे माणसं कमी, पैसा जास्त. आपल्याकडे कुठून जमणार?" पैशाचं मान्य. माणसांचं मात्र तेवढं खरं नाही. जर्मनीत दर चौरस किलोमीटरला साधारण २३५ माणसं राहतात, महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेप्रमाणे ३६५. फरक आहे, पण आपण समजतो तसा दसपट वगैरे नाही. आणि कार तर त्यांच्याकडे २०२४च्या सुरुवातीला ४ कोटी ९० लाखांहून जास्त होत्या, म्हणजे दोन माणसांमागे एकीपेक्षा जास्त. गाड्या कमी म्हणून वाटा मोकळ्या, असं मुळीच नाही.

पण म्हणून हुरळून जायचंही कारण नाही. त्याच देशात २०२३ साली ४४६ सायकलस्वार रस्त्यांवर मेले. दरीतली वाट रविवारच्या सायकलवाल्याला वाचवते. सोमवारी सकाळी शहरात कामावर जाणारा सायकलवाला चौकात ट्रकच्या उजव्या बाजूलाच असतो. मला भीती ही वाटते की आपल्याकडे कधी काही झालंच तर या सुंदर भागाची नक्कल होईल: तलावाकाठी दोन किलोमीटरचा रंगीत ट्रॅक, उद्घाटन, फोटो, आणि ट्रॅक जिथे संपतो तिथे सरळ हायवे. आमच्या गेटबाहेर पाच मिनिटं उभं राहा, मग मी काय म्हणते ते कळेल. फर्स्ट इयरला उत्साहाने घेतलेल्या सायकली थर्ड इयरपर्यंत स्टँडवर का गंजतात, याचं उत्तर आळस एवढंच नाही.

आणखी दोन शंका आहेत, त्या मला सहज सोडवता येत नाहीत. एक म्हणजे गाड्या नाहीत म्हणजे बऱ्याचदा माणसंही नाहीत. गावाबाहेरच्या अशा वाटांवर सहसा दिवे नसतात. डाउनजवळच्या साडेपाचशे मीटरच्या बोगद्यात दिवे आहेत, तरी संध्याकाळी सातला एकटी मुलगी त्यात शिरेल का? हॉस्टेलवरच्या मुलांना हा प्रश्न पडत नाही, मुलींना पहिला हाच पडतो. दुसरी शंका रेल्वेची. एकदा रुळांच्या जागी डांबर पडलं की गाडी परत आणणं फार अवघड, आणि जर्मनीत आता बंद लाइनी पुन्हा सुरू करा अशी मागणी होत असते. म्हणून कोणी आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या मार्गावर सायकल ट्रॅक करा म्हटलं तर मी विरोधात आहे. तिथल्या लोकांना गाडी परत हवी आहे, सायकलवाट नको.

नदीकाठचा धोकाही आहेच. मोझेलच्या उत्तरेला आर नावाच्या छोट्या नदीची तशीच देखणी दरी आहे. जुलै २०२१च्या पुरात त्या दरीत १३०हून अधिक माणसं गेली. घरं, रेल्वे, पूल आणि सायकलवाटसुद्धा वाहून गेली. दरी सपाट आणि सोयीची असते ती पाण्यासाठीच, सायकल तिथे पाहुणी.

आमच्या बॅचमधून जे आखेनला अप्लाय करताहेत त्यांच्यासाठी एक. आखेनहून फेनबान नावाची १२५ किलोमीटरची वाट निघते, तीही जुन्या रेल्वेवरून. प्रशियाने कोळसा आणि लोखंडासाठी बांधलेली ही लाइन पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमला मिळाली. त्यामुळे आजही कित्येक ठिकाणी दोन्ही बाजूंना जर्मनी आणि मधली काही मीटरची पट्टी बेल्जियम, असा प्रकार आहे. पुढे ती लक्झेंबर्गमध्ये जाते. जाल तेव्हा फोटो नक्की पाठवा, पण दरीचे आणि द्राक्षांचे नकोत. वाट जिथे मोठ्या रस्त्याला छेदते तिथला पाठवा. तिथे कोण थांबतं, सायकल की गाडी, ते मला बघायचं आहे.